रविवारची छपरं

ओ क्लेअर गावच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी सुरू झाली की कुणीतरी आर्लिस टॉलेफसनला हमखास विचारायचं, "काय गं, आपली नडीन काय म्हणते?" 'आपली नडीन' म्हटलं की आर्लिसच्या तोंडातली कॉफी कडू व्हायची. ती आणखी एक चमचा साखर घालायची, सावकाश ढवळायची आणि म्हणायची, "मजेत आहे. फार काम असतं बाई तिला." एवढं म्हणायला तिला काय यातना होतात हे निदान तिच्या नवऱ्याला तरी कळायला हवं होतं. पण ड्वेन त्या वेळी दुसरा डोनट निवडण्यात दंग असायचा, आणि वर तोच मोठ्या आवाजात सांगायचा, "परवा टीव्हीवर दिसली आमची नडीन. उमेदवाराच्या अगदी मागे उभी होती, निळ्या कोटात."

कोट हिरवा होता. आर्लिसनं तो चांगला निरखून पाहिला होता.

आर्लिस ऑरिनच्या जाहिरात कंपनीत काम करायची. कंपनी म्हणजे बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, ऑरिन, आर्लिस आणि हिशेब बघणारी एक बाई. कुणाला ट्रॅक्टर विकायचे असत, कुणाला घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या, कुणाला गाद्या. त्यांची जाहिरात कुठल्या वाहिनीवर, कुठल्या कार्यक्रमाच्या पुढेमागे लावायची हे आर्लिस ठरवायची. स्वभावानं ती पक्की मोजूनमापून वागणारी बाई. उगीच हसणं नाही, कुणाच्या खांद्यावर हात टाकणं नाही. केस दर शुक्रवारी सेट केलेले, गाडीत कायम छत्री आणि बर्फ खरवडायचं खोरं, अगदी जुलैमध्येसुद्धा. तिचं स्वतःबद्दलचं मत एकच होतं, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं: विस्कॉन्सिनच्या या पश्चिम कोपऱ्यात कोण काय बघतं हे माझ्याइतकं कुणालाही कळत नाही.

मत खोटंही नव्हतं. त्या काळी केबल गावापुरती. शेतावरच्या घरांना छपरावरच्या अँटेनाशिवाय गत्यंतर नसे. अँटेनाचं तोंड जिकडे, त्या घराचं मन तिकडे, हा आर्लिसचा सिद्धांत. ती गाडी काढायची, काउंटीचे आडरस्ते धरायची आणि छपरं बघत हिंडायची. पूर्वेला तोंड असेल तर घर ओ क्लेअरची स्टेशनं बघतं. पश्चिमेला असेल तर नदीपलीकडचं मिनियापोलिस. माणसांना विचारलं तर माणसं खोटं बोलतात, आपण फक्त बातम्या आणि चर्चची प्रार्थना बघतो म्हणून सांगतात. छप्पर बापडं खोटं बोलत नाही.

या हिंडण्यात तिच्या शेजारच्या सीटवर बसून छपरं बघायला शिकली ती नडीन. नडीन रुस्ताद, एल्सवर्थजवळच्या एका गोठेवाल्याची मुलगी. आर्लिसनंच तिला ऑरिनकडे कामाला लावली होती. पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या बुटांना शेण होतं आणि फोन उचलला की ती उभी राहायची. आर्लिसनं तिला फोनवर बसायला शिकवलं, स्टेशनच्या विक्रीवाल्यांशी भाव पाडून बोलायला शिकवलं, छपरं वाचायला शिकवलं. आणि शिकून झाल्यावर ती वॉशिंग्टनला निघून गेली. तिकडे एका मोठ्या कंपनीत चढत चढत गेली, आणि त्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर उमेदवाराच्या जाहिराती देशभर कुठे लावायच्या हे ठरवणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

बरं, नडीन वाईट वागली असती तरी आर्लिसचं निभलं असतं. ओळख विसरली असती, नाक उडवलं असतं, तर आर्लिसला तिला मनसोक्त नावं ठेवता आली असती. पण ही बया दर नाताळला कार्ड पाठवायची आणि दर कार्डात लिहायची, "जे काय येतं ते तू शिकवलंस." ऑरिननं तिचा फोटो चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर टांगला होता, बरोबर आर्लिसच्या टेबलासमोर. आर्लिसचा फोटो त्या ऑफिसात कुठेही नव्हता. पिकतं तिथं विकत नाही हे तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग? रोज सकाळी टाइपरायटरवरचं झाकण काढलं की समोर नडीन हसत असायची.

सप्टेंबर सरता सरता नडीनचा फोन आला. आधी ऑरिनला वाटलं आपल्यालाच आहे, तो खूप वेळ बोलला, हसला, हवापाणी सांगितलं, आणि मग जरा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "आर्लिस, तुला मागतेय."

काम असं होतं. विस्कॉन्सिन कुणाकडे झुकेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यातही पश्चिमेच्या काउंट्या दोलायमान होत्या. मतं मोजतात राज्यागणिक, पण टीव्हीच्या लहरींना राज्याची हद्द कळत नाही. नदीच्या पलीकडे मिनेसोटा. ते राज्य उमेदवाराच्या खिशातच होतं, तिथे जाहिरात करायची काही गरज नव्हती. पण मिनियापोलिसच्या स्टेशनवर जाहिरातीची जागा घ्यायची तर अख्ख्या मिनेसोटाच्या प्रेक्षकांचे पैसे भरावे लागत. म्हणजे आपल्या बांधावरचं एक झाड जगवायला शेजाऱ्याचं सगळं शिवार भिजवायचं. ते झाड मिनियापोलिसचंच पाणी पीत असेल तर तेही करायला हवं. नसेल तर ओ क्लेअरच्या स्टेशनवर स्वस्तात भागतं.

नडीन म्हणाली, तिला मिनियापोलिस घ्यावंसं वाटतंय. पण तिला निघून फार वर्षं झाली, आणि वरच्या लोकांना एवढा पैसा नदीपार ओतायची इच्छा नाही. "तू तिथे आहेस, आर्लिस. तू काय म्हणतेस?"

आर्लिसचा खरा विचार काय होता, ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. नडीननं 'मिनियापोलिस' म्हटलं आणि आर्लिसच्या तोंडून 'नाही' निघून गेलं. मग त्या 'नाही'ला कारणं शोधत ती बोलत राहिली. इकडच्या स्टेशननं नवा उंच मनोरा उभारलाय, चित्र कसं स्वच्छ येतं, लोक आता इकडेच वळलेत, वॉशिंग्टनमध्ये बसून हे दिसायचं नाही.

"मग बघून सांगशील?" नडीन म्हणाली. "तू जे बघशील ते मी वरच्यांना सांगेन. तुझ्या नावानं सांगेन."

"सोमवारी सांगते," आर्लिस म्हणाली आणि फोन ठेवला. समोरच्या फोटोकडे तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच नीट मान वर करून पाहिलं. एकदा, फक्त एकदाच, नडीन चुकलेली आणि आपण बरोबर असं जगाला दिसलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. उमेदवार जिंकावा असंही तिला वाटत होतं, मतही ती त्यालाच देणार होती. पण आधी हे.

मधले दिवस कामाचे होते. ऑरिनच्या भट्टीवाल्या गिऱ्हाइकाची थंडीची मोहीम डोक्यावर होती. मोकळा वार मिळेपर्यंत थांबायला काही हरकत नव्हती, नडीननं कुठे घाई केली होती? पण आर्लिसला धीर कुठला निघायला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी तिची गत. रविवारी चर्च सुटल्या सुटल्या तिनं ड्वेनला गाडीत कोंबला.

ड्वेन नाराज होता. त्याची रविवारची दुपार ठरलेली: सोफा, चीजचे तुकडे, आणि ग्रीन बे पॅकर्सची फुटबॉल मॅच. पॅकर्स त्या वर्षी भिकार खेळत होते, पण भिकार खेळतात म्हणून बघायचं सोडून देणारा माणूस विस्कॉन्सिनमध्ये जन्मत नाही. त्यानं गाडीचा रेडिओ लावला, त्यावर कान ठेवला आणि तोंड फुगवून बसला.

पण बाहेर काय दिसत होतं! एल्सवर्थच्या अलीकडून सुरुवात झाली. पहिलं घर, अँटेना पूर्वेला. दुसरं, पूर्वेला. गोठ्यामागचं पिवळं घर, पूर्वेला. मका कापून मोकळ्या झालेल्या शेतांमधून छपरांमागून छपरं येत होती आणि सगळ्यांनी कशी शहाण्यासारखी ओ क्लेअरकडे तोंडं केली होती. आर्लिस मुद्दाम लांबच्या रस्त्यांनी गेली, नदीच्या पार काठापर्यंत गेली. तिथे तर मिनियापोलिस हाकेच्या अंतरावर, तरी छपरांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली.

"बघ," ती म्हणाली. "बघितलंस?"

"हं," ड्वेन म्हणाला. "पुन्हा चेंडू पाडला गाढवानं."

"ड्वेन, छपरं बघ."

त्यानं छपरं बघितली. "सगळे मॅच बघत बसलेत," तो म्हणाला. "माझ्याच नशिबात छपरं." आणि त्यानं आवाज वाढवला. आर्लिसनं ते ऐकलं, पण नवऱ्याच्या कुरकुरीकडे जितकं लक्ष द्यायचं तितकंच दिलं. परतताना ती गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, आर्लिस गाडीत गुणगुणते हे ड्वेनला नवीन होतं.

सोमवारी सकाळी तिनं फोन लावला. कोट घालून, लिपस्टिक लावून, जणू नडीन तिला बघणार होती. एकेक रस्ता, एकेक वळण सांगितलं. पूर्व, पूर्व, पूर्व. नडीन ऐकत होती. मग तिनं जरा अडखळत विचारलं, "आर्लिस, कुठल्या दिवशी गेली होतीस?"

प्रश्न साधा होता. पण आर्लिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल ज्या पोरीला फोनवर बसायला शिकवलं ती आज परीक्षा घेते?

"नडीन," ती म्हणाली, "छपरं कशी बघायची ते तू मला शिकवू नकोस. तुला मी शिकवलंय."

मग नडीन म्हणाली, "खरंय. थँक्यू, आर्लिस. तू म्हणतेस तसं ओ क्लेअर घेते." आणि खरोखरच दुपारपर्यंत ओ क्लेअरच्या स्टेशनवरचा माणूस धावत धावत जिना चढून आला. संध्याकाळच्या, रात्रीच्या, सकाळच्या जागा, सगळी खरेदी आली होती. त्यानं आर्लिसचा हात हातात घेऊन इतका हलवला की तिची अंगठी रुतली.

पुढचे आठवडे आर्लिसच्या आयुष्यातले फार सुखाचे होते. तळघरातल्या कॉफीला कुणी नडीनचं नाव काढायची तिनं वाटच पाहिली नाही, स्वतःच काढलं. "नडीनला मिनियापोलिस घ्यायचं होतं. मी म्हटलं, अजिबात नाही. मग ऐकलं तिनं. पहिल्यापासून हुशार आहे, पण गाव सोडलं की गावाचं कळेनासं होतं माणसाला, तिचा काय दोष." ऑरिननं सगळ्यांसाठी केक आणला. ड्वेन चारचौघांत म्हणाला, "आमच्या आर्लिसनं वॉशिंग्टनला वळवलं." 'आमच्या आर्लिसनं' हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला तिला केस पांढरे करावे लागले होते. घरी टीव्ही लावला की उमेदवार दिसायचाच; प्रत्येक वेळी ती हातातलं काम टाकून बघायची, स्वतःच्याच मुलाचं नाटक असावं तशी.

ऑक्टोबर संपत आला तसे लुटेफिस्कचे दिवस आले. हा मासा म्हणजे क्षारात भिजवून थुलथुलीत केलेला कॉड. नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं तो वर्षातून एकदा वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात, आणि आवडतो असं सांगतात. एल्सवर्थच्या चर्चमधल्या जेवणाला आर्लिस आणि ड्वेन दरवर्षी जायचे. यंदा ते गुरुवारी होतं. यंदा आर्लिसनं नवा स्वेटर घातला, कारण तिकडचे लोक जाहिरातींबद्दल विचारणार हे तिला ठाऊक होतं.

चर्च टेकडीवर. जेवणाची रांग दाराबाहेर आलेली, आणि रांगेतून खालचं सगळं गाव दिसत होतं. उजेड अजून होता. आर्लिसनं सवयीनं छपरांकडे बघितलं, आपली मालमत्ता बघावी तसं.

सगळे अँटेना पश्चिमेला होते.

तिनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. लाल छप्पर, पश्चिम. शाळेजवळची घरं, पश्चिम. गोठ्यामागचं ते पिवळं घर, तेच ते, मिनियापोलिसकडे टक लावून बसलं होतं. तिनं ड्वेनचा दंड धरला. "हे असे कसे वळले?"

ड्वेननं बघितलं. त्यात त्याला नवल काही दिसलं नाही. "आज मॅच कुठाय?" तो म्हणाला. "मिनियापोलिसवाले रविवारी त्यांची वायकिंग्जची मॅच लावतात. आपले पॅकर्स बघायचे तर इकडे फिरवावाच लागतो अँटेना. मॅच संपली की पुन्हा तिकडे. घरात टीव्हीवर ती खटक्याची पेटी नसते का, तिनं फिरतो. मी सांगितलं नव्हतं त्या दिवशी?"

सांगितलं होतं. आणि आर्लिसला दुसरंही आठवलं. नडीनला पहिल्यांदा गाडीत घेतलं तो दिवस. शेजारच्या सीटवर आखडून बसलेली ती पोरगी, आणि स्टिअरिंगवर बोट आपटत तिला सांगणारी आर्लिस: पहिला धडा. रविवारच्या छपरावर कधी विश्वास ठेवायचा नाही. रविवारी छप्पर पॅकर्सचं असतं, सोमवारपासून ते घराचं असतं.

कुठल्या दिवशी गेली होतीस?

रांग पुढे सरकली. कुणीतरी तिच्या हातात ताट दिलं, ताटात मासा पडला, वर लोणी पडलं. ती बाकावर बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: एवढे आठवडे या सगळ्या काउंट्यांनी आपला उमेदवार पाहिलेलाच नाही. पाहिला असलाच तर रविवारी दुपारी, मॅच बघताना. राज्य गेलं तर माझ्यामुळे जाईल, आणि सगळ्यांना हे कळेल, कारण बढाया मीच मारल्यात. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं?

समोर पक्षाचा काउंटीतला माणूस बसला होता, हार्लन. बियाणांचं दुकान असलेला, गडगडाटी हसणारा. त्याच्या शेजारी थोरा रुस्ताद, नडीनची आई, लेफ्साच्या पातळ पोळीला लोणी लावत होती.

"आर्लिस," हार्लन म्हणाला, "मानलं तुला. रोज रात्री दहाच्या बातम्यांना आपला माणूस हजर. माझी बायको म्हणते, आता हा जेवायलाच यायचा राहिलाय."

आर्लिसला वाटलं तो टोमणा मारतोय. "कुठल्या बातम्या?" तिनं विचारलं.

"कुठल्या म्हणजे? मिनियापोलिसच्या. आम्ही दुसऱ्या कुठल्या बघतो? रात्री बातम्या, सकाळी बातम्या, त्या प्रश्न विचारायच्या खेळात सुद्धा. गेले कित्येक आठवडे."

छातीवरचा दगड निघाला तसा आर्लिसनं श्वास घेतला. उमेदवार दिसत होता. राज्य तिच्यामुळे जाणार नव्हतं. सुटकेचा हा आनंद साधारण एक घास टिकला. मग तिला कळलं की नडीननं तिचं ऐकलंच नव्हतं. ओ क्लेअर घेतलं होतं, आर्लिसनं म्हटलं म्हणून. आणि नदीपलीकडचंही घेतलं होतं, गुपचूप, वरच्यांशी भांडून, कुणा दुसऱ्याच्या हातून. ओ क्लेअरच्या घरात मिनियापोलिस दिसत नाही, म्हणून आर्लिसला कधी कळलंच नसतं. म्हातारीच्या हातात रिकामी पिशवी देऊन 'जड आहे हं, सांभाळून' म्हणावं, तसं नडीननं तिला तिचा विजय दिला होता. आणि आर्लिस ती पिशवी गावभर मिरवत हिंडली होती.

चूक पकडली असती तर चाललं असतं. फोन करून ओरडली असती तर फारच छान. पण दया? आर्लिसला असं वाटलं की इतकी जळजळ तर तो फोटो भिंतीवर लागला तेव्हाही झाली नव्हती. नडीन बरोबर होती, वर चांगलीही होती. मग आर्लिससाठी उरलं काय?

हार्लन बाकावरून उठला होता. त्यानं चमच्यानं पेला वाजवला आणि सगळ्यांना सांगायला लागला की आपली ही आर्लिस टॉलेफसन, हिनं वॉशिंग्टनवाल्यांना सांगितलं आपण कुठे बघतो ते, म्हणून तुमच्या घरात उमेदवार येतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेननं सगळ्यांत जोरात वाजवल्या. त्या काउंटीत आर्लिससाठी टाळ्या वाजल्या त्या पहिल्यांदाच, आणि त्या नडीनच्या होत्या.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. तळघरातल्या बढाया इथे कुणी नीट ऐकल्या नव्हत्या, आणि ड्वेन काही दोन नि दोन जोडणाऱ्यातला नव्हता. खरं माहीत असलेली माणसं दोन: एक वॉशिंग्टनमध्ये, आणि ती बोलणार नाही हे तिनं दाखवून दिलं होतं. आर्लिसनं काटा खाली ठेवला.

"हार्लन, बस खाली," ती म्हणाली. "मी मिनियापोलिस घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते नडीनचं काम आहे."

टाळ्या विस्कळीत होऊन थांबल्या. हार्लन चमचा धरून तसाच उभा राहिला, मग बसला. ड्वेन बायकोकडे असा बघत होता की जणू ती नॉर्वेजियन भाषेत बोलली. आर्लिसनं मान खाली घालून माशाचा मोठा तुकडा तोंडात घातला, कारण तोंड भरलेलं असलं की कुणी काही विचारत नाही.

थोरा रुस्ताद मात्र लोणी लावतच राहिल्या. लावून झाल्यावर त्यांनी ती लेफ्साची पोळी आर्लिसच्या ताटात ठेवली.

"नडीन मला रविवारी फोन करते," त्या म्हणाल्या. "ती तर वेगळंच सांगत होती."

"काय सांगत होती, मिसेस रुस्ताद?"

"ती म्हणाली, मिनियापोलिस घ्यायचं ते आर्लिसच्याच शिकवणीनं घेतलं. रविवारच्या छपराचं काहीतरी. मला नीट कळलं नाही. आमच्या घरी ती खटक्याची पेटी फिरवायचं काम नडीनचंच होतं, पण त्यामागे एवढी विद्या आहे हे तिला तुझ्याकडे आल्यावर कळलं म्हणे."

गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय. आर्लिसनं पोळी खाल्ली. कबुली द्यायला तिला केवढं बळ लागलं होतं, आणि त्या कबुलीतूनही नडीननं आधीच हवा काढून ठेवली होती. माझी चूकसुद्धा हिनं माझी म्हणून राहू दिली नाही, असं आर्लिसच्या मनात आलं, आणि तिला रडू येईल की काय असं वाटलं. लोणी फार गरम होतं, असं तिनं ड्वेनला नंतर सांगितलं.

परतताना ड्वेननं रेडिओसुद्धा लावला नाही. मग म्हणाला, "पण गुणी आहे हं आपली नडीन." आर्लिसनं खिडकीबाहेर बघत "आहे" म्हटलं. त्यापुढे तिनं काही जोडलं नाही, हे ड्वेनच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन यायच्या आधी तिनं फोन लावला. पलीकडे बरीच गडबड होती, कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं हाका मारत होतं. नडीन फोनवर आली ती घाईत आली. "आर्लिस? सगळं ठीक ना?"

"तू विचारलं होतंस, कुठल्या दिवशी गेले होते म्हणून," आर्लिस म्हणाली. "रविवारी."

ती थांबली. नडीन आता हसेल, असं तिला वाटलं. 'माहीत होतं मला' म्हणून एकदा खळखळून, थोडासा माज करून हसेल. हसली असती तर आर्लिसनं त्याच क्षणी तिला सगळं माफ केलं असतं, हिरव्या कोटासकट.

"मी पण थकले की रविवारी जाते," नडीन हळूच म्हणाली. "चालायचंच."

समोर भिंतीवरच्या फोटोतून नडीन तिच्याकडे बघत होतीच.

"खोटं बोलू नकोस," आर्लिस म्हणाली. "तू कधी जाणार नाहीस. तुला मी शिकवलंय."